नक्षत्रांची नावे आणि आसेगावचे आकाश

दरवर्षी सात किंवा आठ जूनच्या चौकटीत कॅलेंडरवर ‘मृग नक्षत्र प्रारंभ’ असे छापलेले असते. शेजारी त्या वर्षीचे वाहन दिलेले असते: कोल्हा, बेडूक, म्हैस, मोर, जे काही आले असेल ते. वाशिम जिल्ह्यातल्या आसेगावात त्या दिवशी ‘मिरग लागला’ असे म्हणतात. वखरणी आटोपलेली असते, बियाणे घरात आलेले असते आणि बोलणे पावसाखेरीज दुसऱ्या कशाचे नसते. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी हस्त-चित्रा-स्वातीपर्यंतची नावे शेतकऱ्याला पाढ्यासारखी पाठ असतात. कोणत्या नक्षत्रात पेरावे, कोणत्या नक्षत्राचा पाऊस तुरीला बरा, कोणता कपाशीला मारक, हे तो विचार न करता सांगतो.

पण त्याच रात्री घरातल्या एखाद्या मुलाने अंगणात उभे राहून ‘मिरग कोणता, दाखवा’ असे म्हटले, तर त्याला तो कोणीही दाखवू शकणार नाही. आभाळ निरभ्र असले तरी नाही. मृग लागला याचा अर्थ सूर्य मृग नक्षत्रात आला. सूर्याबरोबर उगवणारे आणि सूर्याबरोबर मावळणारे तारे दिवसाच्या उजेडात लोपतात. म्हणजे ज्या पंधरवड्यात मृगाचे नाव गावभर ऐकू येते, त्याच पंधरवड्यात तो दिसत नाही. तो पुन्हा दिसू लागतो जुलैत, पहाटे, पूर्वेला, तेही ढगांनी वाट दिली तर. आणि मध्यरात्री तो ऐन माथ्याकडे येतो डिसेंबरात, तेव्हा शेतात तूर उभी असते आणि मृगाचे नाव कोणाच्या तोंडी नसते.

नाव आणि तारा यांच्यातली ही सहा महिन्यांची फारकत या लेखाचा विषय आहे. नावे आपण टिकवली. पाहणे सुटत गेले. ताऱ्यांचा नकाशा वाचायला शिकणे म्हणजे ही दोन टोके पुन्हा जोडणे. वऱ्हाडच्या इतिहासात हे जोडकाम करणारी माणसे होती. त्यांचा माग घेत घेत आसेगावच्या अंगणात उभे राहून आकाश कसे वाचावे, हे पाहायचे आहे.

एकाच नावाचे तीन अर्थ

सुरुवात पंचांगापासूनच केलेली बरी, कारण नवशिक्याचा सर्वांत मोठा घोटाळा तिथेच होतो. पंचांगात नक्षत्राचे नाव तीन निरनिराळ्या अर्थांनी येते.

पहिले सूर्यनक्षत्र. सूर्य वर्षभरात आकाशाची एक फेरी पुरी करतो असे आपल्याला दिसते. त्या वाटेचे २७ समान भाग केले, तर प्रत्येक भाग १३ अंश २० कलांचा होतो आणि सूर्याला तो ओलांडायला साधारण साडेतेरा दिवस लागतात. पावसाची नक्षत्रे ती हीच.

दुसरे चंद्रनक्षत्र. पंचांगात रोजच्या तिथीशेजारी जे नक्षत्र लिहिलेले असते, ते चंद्राचे. चंद्र ही सगळी वाट सव्वासत्तावीस दिवसांत चालून जातो, म्हणून त्याचे नक्षत्र जवळजवळ रोज बदलते. नक्षत्रांची संख्या २७ असण्याचे मूळ याच चालीत आहे.

तिसरे महिन्याचे नाव. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या जवळपास असतो तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष, पुष्याजवळ असतो तो पौष, मघांजवळ असतो तो माघ. बाराही महिन्यांची नावे अशी ताऱ्यांवरून पडली आहेत.

हा भेद ध्यानात आला की पंचांग हाच नवशिक्याचा पहिला तारकानकाशा ठरतो. आजचे नक्षत्र रोहिणी असेल, तर चंद्राच्या आसपास एक तांबूस ठळक तारा शोधावा, तो रोहिणीचा. उद्या चंद्र मृगशीर्षात सरकेल. महिनाभर हा पाठलाग केला, तर नक्षत्रांच्या वाटेचा मोठा भाग ओळखीचा होतो. एक सावधगिरी मात्र हवी. स्वाती आणि श्रवण यांचे ठळक तारे चंद्राच्या वाटेपासून बरेच उत्तरेला आहेत. तिथे चंद्र जवळ येईल ही अपेक्षा धरू नये.

श्लोकांतला नकाशा

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिषग्रंथांत ताऱ्यांचे स्थान चित्रात काढून दाखवण्यापेक्षा श्लोकात आणि आकड्यांत सांगण्याची रीत होती. प्रत्येक नक्षत्रात तारे किती, त्यांची आकृती कशासारखी आणि त्यांतला मुख्य तारा, म्हणजे योगतारा, कुठे, अशी ती माहिती. कृत्तिका वस्तऱ्यासारखी, रोहिणी गाड्यासारखी, मृगशीर्ष हरणाच्या डोक्यासारखे, हस्त हातासारखा. ज्याला हे श्लोक पाठ, त्याच्याजवळ कागदाविना नकाशा होता.

अशा आकृत्या सांगणाऱ्या ग्रंथांपैकी एक महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे श्रीपतीची ‘ज्योतिषरत्नमाला’. श्रीपती अकराव्या शतकातला. त्याचे गाव रोहिणीखंड म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातले रोहिणखेड असे मानले जाते. म्हणजे हा वऱ्हाडचाच माणूस. त्याने या संस्कृत ग्रंथावर मराठीत टीका लिहिली, असा समज आहे, आणि ती मराठी गद्याच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत गणली जाते. मु. ग. पानसे यांनी पुढे तिची संपादित आवृत्ती सिद्ध केली. मराठी गद्य कोणत्या कामासाठी प्रथम उभे राहिले, या प्रश्नाच्या उत्तरांत लेखांचे, दानांचे आणि धर्मोपदेशाचे जसे स्थान आहे, तसेच नक्षत्रांचेही आहे, हे आपल्या वाङ्मयेतिहासात पुरेसे ठसलेले नाही. संस्कृत न येणाऱ्या माणसालाही नक्षत्र कळावे, ही गरज वऱ्हाडात इतकी जुनी आहे.

ज्योतिषरत्नमाला मुहूर्ताचा ग्रंथ आहे, हे खरे. पण मुहूर्तासाठी नक्षत्र लागते, आणि ते ओळखायला आकृती लागते. पुढच्या शतकांत मुहूर्त पंचांगाच्या आकड्यांवरून काढता येऊ लागला, तसतशी आकृतीची गरज कमी झाली. आकडा बरोबर असला की वर पाहण्याचे कारण उरत नाही. नाव आणि तारा यांची ताटातूट इथून सुरू झाली असावी.

मध्यरेखेवरचे गाव

श्रीपतीनंतर दीडशे वर्षांनी वाशिमचे नाव आकाशाच्या गणितात थेट येते. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले. राज्य गेले, पण गावाचे नाव ज्योतिषांच्या यादीत राहिले.

त्या काळी भारतीय गणितात उज्जयिनीवरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा ही पृथ्वीची मध्यरेखा धरत. आज ग्रीनिचची रेषा जे काम करते, ते तेव्हा या रेषेचे. ग्रहांची स्थाने प्रथम या रेषेसाठी काढायची आणि मग आपले गाव तिच्या किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे ते पाहून ‘देशांतर’ नावाची दुरुस्ती करायची. रेषेवरची गावे ठाऊक असली की काम सोपे होई. भास्कराचार्यांच्या ‘करणकुतूहल’ या ग्रंथात, म्हणजे ११८३ सालच्या सुमारास, अशा गावांची यादी आली आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या त्या यादीत कांची आहे, उज्जयिनी आहे, कुरुक्षेत्र आहे आणि वत्सगुल्मही आहे. वाशिममध्ये मध्यमेश्वराचे देऊळ आहे. त्याचे नाव या मध्यरेखेशीच जोडले जाते.

आजच्या नकाशावर ही यादी तपासली, तर वाशिम उज्जैनच्या बरोबर दक्षिणेला नाही. उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर, वाशिम ७७ अंश ८ कलांच्या आसपास. फरक साधारण सव्वा ते दीड अंशाचा, म्हणजे जमिनीवर सुमारे १४० किलोमीटर. कांची तर आणखी पुष्कळ पूर्वेला आहे. हे पाहून जुन्यांना हसण्याआधी त्यांनी हे मोजायचे कसे, ते समजून घेतले पाहिजे. अक्षांश मोजणे सोपे. विषुवदिनी दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची सावली मोजली की झाले. पंचांगात गावागावांची ‘पलभा’ दिलेली असते ती हीच. वाशिम-आसेगाव भागात ती सुमारे ४ अंगुळे २४ व्यंगुळे येते. रेखांश मात्र सावलीने कळत नाही. त्यासाठी एकच चंद्रग्रहण दोन गावी पाहायचे आणि दोन्हीकडच्या स्थानिक वेळांतला फरक काढायचा. वेळ मोजायला घटिकापात्र, म्हणजे भोक असलेले, पाण्यात बुडणारे भांडे. वाशिम आणि उज्जैन यांच्या वेळांतला खरा फरक साडेपाच मिनिटांहूनही थोडा कमी आहे. घटिका चोवीस मिनिटांची. म्हणजे बाराव्या शतकातली चूक पाव घटिकेच्याही आत होती.

या यादीत नवशिक्यासाठी एक धडा आहे. आकाश सर्वांवर सारखे असले, तरी त्याचा हिशेब कुठून तरी करावा लागतो. कोणत्याही तारकानकाशाच्या कडेला एक क्षितिज असते आणि ते विशिष्ट अक्षांशाचे असते. आपण कुठे उभे आहोत हे आधी ठरल्याशिवाय नकाशा उघडून उपयोग नाही.

शिक्षकाने वर पाहिले

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात पंचांगाचा मोठा वाद झाला. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये युरोपीय गणिताच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि पुढे त्यांच्या पद्धतीने पटवर्धनी पंचांग निघू लागले. प्रश्न असा होता की, नक्षत्रचक्राचा आरंभ आकाशात नेमका कुठे धरायचा? छत्र्यांनी रेवतीची योगतारा म्हणून झीटा पिशियम हा तारा घेतला. तो पाचव्या प्रतीचा, म्हणजे इतका मंद की शहराच्या उजेडात दिसत नाही आणि गावातही अंधारी रात्र व तीक्ष्ण नजर लागते. दुसरा पक्ष चित्रेचा. चित्रा पहिल्या प्रतीचा ठळक तारा. आरंभबिंदू तिच्या समोर १८० अंशांवर धरायचा. व्यंकटेश बापूजी केतकरांच्या गणिताने हा पक्ष बळावला.

दोन्ही आरंभबिंदूंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. ऐकायला ते किरकोळ वाटते. पण त्यामुळे संक्रांतींचे दिवस बदलतात, काही वर्षी अधिक मास वेगळा येतो, आणि मग एका पंचांगाची दिवाळी दुसऱ्याहून महिनाभर दूर जाते. घराघरांतले सण ज्याच्यावर हलले, तो तारा बहुतेकांनी कधी पाहिलेला नव्हता. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या सदस्यांत नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी होते. समितीने नक्षत्रांसाठी चित्रेचाच आधार धरला, आणि राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली.

या वादाच्या धामधुमीत एक शाळामास्तर वेगळेच काम करीत होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित, जन्म १८५३, कोकणातल्या मुरूडचे. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. आजही तो ग्रंथ टाळून या विषयावर बोलता येत नाही. त्याच्या आधी त्यांनी सामान्य वाचकासाठी ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. त्याचे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटिका मौज’. दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. जेवणानंतर अंगणात तेवढा वेळ काढा, एवढेच मागणे त्या नावात आहे.

दीक्षितांचा सर्वांत गाजलेला शोध पाहण्याच्या सवयीतूनच निघाला. शतपथ ब्राह्मणात म्हटले आहे की, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, बाकीची नक्षत्रे ढळतात. अनेक पंडितांनी हे वाक्य वाचले होते. दीक्षितांनी ते आकाशाला लावून पाहिले. जो तारा नेमका पूर्वेला उगवतो तो विषुववृत्तावर असतो. आज कृत्तिका तिथे नाहीत. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डोलतो, म्हणून ताऱ्यांचे उगवण्याचे बिंदू शतकानुशतके सरकतात. कृत्तिका बरोबर पूर्वेला उगवत होत्या तो काळ इसवी सनापूर्वी ३००० च्या सुमाराचा येतो. म्हणजे ते निरीक्षण त्या काळातले असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच सुमारास, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ प्रसिद्ध झाला. त्यांनी वसंतसंपात मृगात असतानाच्या खुणा वेदांत शोधल्या आणि काळ आणखी मागे नेला. या कालनिर्णयांवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. ग्रंथातले वाक्य लिहिणाऱ्याच्या काळचे की परंपरेने आलेले, हा प्रश्न उघडाच आहे. पण पद्धत महत्त्वाची. शब्दाचा अर्थ दीक्षितांनी कोशात न शोधता पूर्व क्षितिजावर शोधला.

हा प्रयोग आसेगावात कोणालाही करता येतो. आज या अक्षांशावर कृत्तिका ठीक पूर्वेच्या सुमारे २६ अंश उत्तरेला उगवतात. हात लांब केला की मुठीची रुंदी सुमारे दहा अंश भरते. म्हणजे पूर्वेपासून उत्तरेकडे अडीच मुठी. हे अडीच मुठींचे अंतर साचायला पाच हजार वर्षे लागली आहेत. याच डोलण्यामुळे ‘मृग लागण्याची’ तारीखही ऋतूंच्या मानाने सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. पाऊस आणि मृग यांची सांगड आपल्याला कायमची वाटते. ती काही शतकांची आहे.

खाट, चोर आणि नांगर

ग्रंथांबाहेरही एक आकाश होते. मृगातल्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांना मराठीत ‘तिकांडे’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातल्या तीन पेरांच्या बाणाशी नाते सांगतो, पण तो पोथीतून न येता रात्री राखणीला जाणाऱ्यांच्या तोंडून आला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंडांच्या आकाशज्ञानाची गावोगावी फिरून नोंद केली आणि २०१३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पुढे कोलाम, बंजारा आणि कोरकू समाजांतही हे काम झाले. गोंडांच्या आकाशात सप्तर्षींचा चौकोन ही खाट आहे आणि मागचे तीन तारे हे ती पळवायला आलेले चोर. मृगाचा पट्टा आणि त्याखालचे तारे मिळून नांगर.

वाशिम जिल्ह्याला हे परके नाही. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थ याच जिल्ह्यात आहे, आणि तांड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांनी पहाटेची वेळ ताऱ्यांवरून ओळखावी, ही फार जुनी गोष्ट नव्हे. आंतरराष्ट्रीय खगोल संघाने १९२२ मध्ये ८८ तारकासमूहांची यादी नक्की केली आणि १९३० मध्ये त्यांच्या सीमा प्रसिद्ध झाल्या. आज नकाशांवर त्याच सीमा असतात. त्या सोयीच्या आहेत, शेताच्या बांधासारख्या. पण आकृती ही पाहणाऱ्याने जोडलेली असते, आणि ज्याने नांगर हातात धरला आहे त्याला नांगर दिसणारच. नवशिक्याने अधिकृत आकृती दिसत नाही म्हणून खट्टू होऊ नये. आधी आपल्याला दिसेल ती आकृती जोडावी आणि मग नकाशातले नाव तिच्यावर ठेवावे.

विसाव्या शतकात संघटित आकाशनिरीक्षण शहरांत वाढले. पुण्यात १९४४ मध्ये ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, १९५४ मध्ये तिथल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये तारांगण उभे राहिले, मुंबईत वरळीला १९७७ मध्ये नेहरू तारांगण आले, १९८५ मध्ये हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने खगोल मंडळ निघाले. नागपूरला रमण विज्ञान केंद्राचे तारांगण आहे. या संस्थांनी मराठीत हजारो माणसे तयार केली. पण त्यांचे सभासद आज आकाश पाहण्यासाठी गाड्या करून शहराबाहेर जातात, आणि ज्यांच्या अंगणावर ते आकाश रोज असते त्यांच्या हाती नकाशा नसतो. गावातही आता चौकाचौकात दिवे लागले आहेत. अंधार अजून आहे, पण तो गावठाणाच्या कडेला, शेताकडे सरकतो आहे.

आसेगावचे क्षितिज

वाशिम जिल्ह्यात आसेगाव नावाची एकाहून अधिक गावे आहेत. मंगरूळपीर तालुक्यातले आसेगाव त्यांतले एक. पुढचे हिशेब अक्षांश सुमारे २० अंश धरून केले आहेत, त्यामुळे ते जिल्ह्यात कुठेही चालतील.

ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर दिसतो तितका आपला अक्षांश. म्हणजे इथे वीस अंश. हात लांब करून बोटे ताणली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत सुमारे वीस अंश भरते. तेव्हा आसेगावात ध्रुव उत्तर क्षितिजाच्या वर एक वीत आहे. रात्रभर, वर्षभर तो तिथेच. पहिला तारा हाच ओळखावा, म्हणजे दिशा पक्क्या होतात.

इंग्रजी पुस्तकांवरून शिकणारा नवशिका इथे फसतो. ती पुस्तके बहुधा चाळीस-पन्नास अंश उत्तरेच्या वाचकासाठी लिहिलेली असतात. तिथे ध्रुव उंच असतो आणि सप्तर्षी कधी मावळत नाहीत, म्हणून ‘सप्तर्षींपासून सुरुवात करा’ हा सल्ला बाराही महिने चालतो. आपल्याकडे सप्तर्षी मावळतात. दिवाळीच्या सुमारास संध्याकाळी ते क्षितिजाखाली असतात. त्या वेळी ध्रुव शोधायला ईशान्येकडची शर्मिष्ठा उपयोगी पडते, पाच ताऱ्यांची वाकडी रेघ. उलट दक्षिणेकडचे धन आपल्या वाट्याला जास्त. लंडनहून कधीच न दिसणारा अगस्त्य इथे दक्षिणेला सतरा अंशांपर्यंत चढतो, आणि मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास त्रिशंकूही दक्षिण क्षितिजाजवळ उभा राहतो. त्याचा तळचा तारा मुठीहून खाली, म्हणून तिकडे झाड किंवा घर आड नको.

नकाशा धरताना आणखी एक अडचण येते. भूगोलाच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते, ताऱ्यांच्या नकाशात डावीकडे. ही छपाईची चूक नाही. जमिनीचा नकाशा आपण खाली पाहून वाचतो, आकाशाचा वर पाहून. नकाशा डोक्यावर धरून त्याची उत्तर ध्रुवाकडे केली की पूर्व आपोआप पूर्वेला येते. वर्तुळाचा घेर म्हणजे क्षितिज, मध्य म्हणजे डोक्यावरचा बिंदू. ठिपका जितका मोठा तितका तारा ठळक. प्रतीचा आकडा जितका लहान तितका तेज जास्त.

वेळेचे गणित दोन आकड्यांत मावते. आकाश तासाला पंधरा अंश पश्चिमेकडे सरकते, आणि कोणताही तारा रोज चार मिनिटे आधी उगवतो, महिन्यात दोन तास. नकाशावर स्थानिक वेळ छापलेली असेल तर आणखी एक दुरुस्ती करावी: आपले प्रमाण घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचे आहे, आसेगावची स्थानिक वेळ त्याच्या सुमारे २१ मिनिटे मागे. भास्कराचार्यांच्या देशांतराचेच हे आजचे रूप. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात मोबाइल खिशात ठेवावा आणि नकाशासाठी बॅटरीवर लाल कागद लावावा.

नरकचतुर्दशीची पहाट

आपले सण आकाशाच्या दृष्टीने नामी वेळी येतात. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, म्हणजे चंद्र नसतो. पणत्यांचा उजेड मागे ठेवून शेताच्या कडेला गेले, तर रात्री साडेसातच्या सुमारास पश्चिमेकडे अभिजित, श्रवण आणि हंसातला ठळक तारा यांचा मोठा त्रिकोण दिसतो, पूर्वेकडे उंचावर पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा चौकोन, आणि ईशान्येच्या बाजूला क्षितिजावर नुकत्याच आलेल्या कृत्तिका. त्यांच्या उगवण्याची जागा अडीच मुठींनी मोजून पाहावी. पंधरा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र त्यांच्याच आसपास येईल आणि महिन्याचे नाव खरे करील.

पण खरा दिवस त्याच्या आदला. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानासाठी सगळे घर अंधारात उठते. बंबात पाणी तापेपर्यंत वेळ असतो. चंद्राची बारीक कोर उगवायची असते. पाचच्या सुमारास मुलाला अंगणात न्यावे आणि नैऋत्येकडे वर पाहायला सांगावे. तिथे तीन तारे एका ओळीत आहेत, ते तिकांडे. त्यांच्या चारही बाजूंना चार ठळक तारे, तो मृग. तिकांड्याची रेघ खाली डावीकडे वाढवली की सगळ्यांत तेजस्वी तारा येतो, तो व्याध. त्याच्याही खाली, दक्षिणेला, क्षितिजाच्या वर वीतभराच्या आत अगस्त्य. डोक्यावर पुनर्वसूची जोडी, पूर्वेला मघा, ईशान्येला सप्तर्षी, आणि पश्चिमेकडे उतरलेल्या कृत्तिका.

रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा. पावसाळ्यात शेतकऱ्याने ज्या क्रमाने ही नावे घेतली, त्याच क्रमाने ती पश्चिमेकडून पूर्वेकडे आकाशात मांडलेली दिसतात. ज्यांच्या भरवशावर पेरणी झाली, ते सगळे धनी या एका पहाटे अंगणावर हजर असतात. सोयाबीन घरात आलेले असते, कपाशी फुटलेली असते. जूनमध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेव्हा देता येते. पाणी तापेपर्यंतचा वेळ दोन घटिकांहून कमीच असतो, पण मृग ओळखायला तेवढा पुरतो.